मैदानाच्या सातबाऱ्यावर मुलींचं नाव कुठे आहे?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या सत्कार समारंभाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मुलींच्या फुटबॉल संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची ढाल जिंकून आणली होती. व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या. आठांवर संस्थेचे पदाधिकारी, नवव्या खुर्चीवर मी. ज्यांचा सत्कार, त्या मुली मागे भिंतीला टेकून पाऊण तास उभ्या. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मुलींना एकेक गुलाबाचं फूल. भाषणांत जिजाऊ आल्या, सावित्रीबाई आल्या, ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ आलं. संघाच्या कॅप्टनला मात्र कुणी बोलायला सांगितलं नाही. वेळ संपला होता.

नंतर कॉलेजच्या पायऱ्यांवर मी त्या मुलींबरोबर बसले. म्हटलं, ‘सीझन कसा गेला?’ त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, ‘आमचा कुठला सीझन, ताई? फॉर्म भरायची तारीख आली की आमची टीम तयार हुती. मॅच संपली की टीम बी संपली.’ मग त्यांनी बोटांवर मोजलं. सराव झाला तो एकूण बारा दिवस. तोही सकाळी सहा ते सात, मुलांच्या गोलपोस्टच्या मागे उरलेल्या पट्ट्यात. अंगावरच्या जर्सी मुलांच्या संघाने दोन वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या. चौघींच्या पायात फुटबॉलचे बूट पहिल्यांदा आले ते थेट स्पर्धेच्या दिवशी. मुलांचा संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरला होता. तरी त्याचा सराव जूनपासून रोज संध्याकाळी, पूर्ण मैदानावर चालू होता आणि हरल्यानंतरही चालूच राहिला.

बारा दिवसांच्या तयारीवर ढाल आणणाऱ्या मुलींचं कौतुक करायचं, की त्यांना बाराच दिवस देणाऱ्यांना जाब विचारायचा? त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं, आणि घरी येताना एस.टी.त त्याचीच लाज वाटत राहिली. म्हणून हा लेख जाब विचारण्यासाठी.

माझं म्हणणं एका वाक्यात मांडते. आपल्या कॉलेजांत मुलींना स्पर्धा मिळते, हंगाम मिळत नाही. आणि जोवर हंगाम मिळत नाही, तोवर त्यांच्या विजयाचे सत्कार ही संस्थांनी स्वतःची करून घेतलेली आरती आहे.

हंगाम म्हणजे काय?

आपल्या भागात हंगाम म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको. शेजारच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दरवर्षी फुटबॉलचा हंगाम भरतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब अशा पेठापेठांतल्या तालमी आणि मंडळांचे संघ महिनोन्‌महिने खेळत असतात. पोरगा चालायला लागला की पेठेतल्या बोळात त्याच्या पायाशी चेंडू येतो. मोठा झाला की तालीम त्याला आपला म्हणते. बूट कोण देणार, दुखापत झाली तर दवाखान्यात कोण नेणार, याची सोय पेठ करते. तो हरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा खेळणार, हे गृहीत असतं. मिरज-सांगलीतही फुटबॉलचं वेड आहे आणि कुस्ती, कबड्डी, खो-खो तर आपल्या मातीतलेच.

हंगाम म्हणजे ही सगळी व्यवस्था. रोजचा ठरलेला तास. ठरलेली जागा. शिकवणारं माणूस. खुराक. हरण्याची मुभा. पुढच्या वर्षीची खात्री. विजेतेपद हे या व्यवस्थेला शेवटी येणारं फळ आहे. मुलांना आपण झाड देतो आणि मुलींकडे थेट फळ मागतो.

शिवाय या मुलांच्या हंगामामागे कोण असतं, हेही एकदा नीट पाहू या. पहाटे त्याला उठवणारी, दूध-अंडी तयार ठेवणारी, चिखलाने माखलेली जर्सी धोपटून धुणारी आई आणि बहीण असते. तिच्या बिनमोल श्रमांवर त्याचा हंगाम उभा राहतो. हीच बहीण कॉलेजच्या संघात खेळत असेल तर तिची जर्सी तीच धुते, आणि त्याचीही. सकाळी सहाच्या सरावाला यायचं तर तिला चारला उठून पाणी भरून, भाकरी थापून, जनावरांचं आवरून निघावं लागतं. दोघांच्याही दिवसात तास चोवीसच. पण त्याच्या चोवीस तासांत खेळाचा तास घरच्यांनी काढून ठेवलेला असतो. तिला तो चोरावा लागतो.

फी सगळ्यांची, मैदान मुलांचं

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. कॉलेजात प्रवेश घेताना पावतीवर एक ओळ असते : जिमखाना फी. ही फी मुलाला वेगळी आणि मुलीला वेगळी नसते. म्हणजे मैदानावर रोलर फिरतो, जाळी बसते, चेंडू विकत येतात, ते मुलींच्या पैशांतूनही. अनेक कॉलेजांत आज कला शाखेच्या वर्गात मुलींचे बाक जास्त आणि मुलांचे कमी. तिथे तर जिमखान्याच्या पैशांतला मोठा वाटा मुलींचाच. तरी त्या मैदानावर त्या पाहुण्या. कडेकडेने चालायचं, मधून जायचं नाही.

आपल्या चळवळीला हे दृश्य ओळखीचं वाटायला हवं. शेतात बाई राबते आणि सातबारा त्याच्या नावावर असतो, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगाव नवऱ्यांना सांगितलं की बायकोच्या नावावर जमीन करा. सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्यात परित्यक्ता बायका संघटित झाल्या, तेव्हा त्यांनी दया मागितली नाही. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, राहायला जागा मागितली. कामाचा गौरव आणि मालकीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण तेव्हा शिकलो. गौरव फुकट देता येतो. हक्क द्यायचा तर कुणाला तरी जागेवरून सरकावं लागतं.

मैदानाचंही तसंच आहे. मुलींना गुलाबाचं फूल द्यायला कुणाचं काहीच जात नाही. संध्याकाळी पाच ते सातचं मैदान आठवड्यातून तीन दिवस मुलींना द्यायचं म्हटलं, की मुलांच्या संघाला तीन दिवस सरकावं लागतं. तिथे खरी परीक्षा होते.

बंदी खेळावर नसते, मैदानावर असते

कुणी म्हणेल, आता मुलींना खेळायला कोण अडवतं? याचं उत्तर देण्यासाठी फुटबॉलच्याच इतिहासातलं एक पान उघडते.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. दुपारच्या सुटीत त्या कारखान्याच्या आवारात फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर या कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ इतका नावाजला की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला सुमारे ५३,००० माणसं आली. या सामन्यांचा पैसा धर्मादाय कामांना जात असे. वर्षही उलटलं नाही, तोच ५ डिसेंबर १९२१ रोजी तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला. हा खेळ बायकांना योग्य नाही, म्हणून संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. जमलेल्या पैशांच्या हिशोबावर बोट ठेवायलाही ते विसरले नाहीत.

मैत्रिणींनो, ठराव काय होता ते नीट बघा. ‘बायकांनी खेळू नये’ असा कायदा झाला नाही. फक्त मैदान काढून घेतलं. एवढ्याने काम झालं. ही बंदी उठायला सुमारे पन्नास वर्षं लागली. ती उठेपर्यंत हजारोंच्या गर्दीला खेळवणाऱ्या बायका बागांमधून आणि मिळेल त्या पडीक जागेवर खेळत राहिल्या. आणि मग तेच लोक म्हणू लागले, बायकांचा फुटबॉल बघायला येतंय कोण! ब्राझीलने तर १९४१ साली सरकारी हुकुमानेच बायकांना फुटबॉल बंद केला. तो हुकूम १९७९ साली मागे घेतला गेला.

आपल्या कॉलेजात असा ठराव करावा लागत नाही. फळ्यावर ‘मैदान वेळापत्रक’ लागतं आणि त्यात मुलींचा रकाना नसतो. ठरावाशिवायची बंदी जास्त पक्की असते, कारण ती रद्द करायला कागदच सापडत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, आणि हे खेळालाही लागू. तोवर तिथल्या माध्यमिक शाळांमध्ये खेळणाऱ्या मुली सुमारे ३ लाख होत्या. पुढे त्यांची संख्या ३० लाखांवर गेली. मुलींच्या अंगात अचानक खेळ शिरला नव्हता. मैदान, प्रशिक्षक आणि पैसा यांचा हिशोब द्यावा लागला, म्हणून संधी आली. तिथल्या कॉलेजांनीही आधी हेच रडगाणं गायलं होतं की पुरुषांच्या फुटबॉलचा खर्च एवढा आहे, मुलींना देणार कुठून? कायद्याने विचारलं, मग तो खर्च सगळा एकाच बाजूला कसा?

आमच्या लेकी पाहा, असं म्हणू नका

हा मुद्दा काढला की लगेच नावं पुढे केली जातात. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या होत्या, त्यानंतर ट्रॅकवर तिथे पोचलेली ती पहिली भारतीय बाई. साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार होती. मार्च २०२३ मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि गदा सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली.

या चौघींचा मला अभिमान आहे. पण त्यांची नावं घेऊन जे आपल्याला गप्प करू पाहतात, त्यांना मी उलट विचारते. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. मुलींसाठी ती यायला २०२३ उजाडलं. ही ६२ वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची? या काळात आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती प्रतीक्षा लग्न होऊन, ऊसतोडीला जाऊन, आखाड्याची पायरीही न चढता म्हाताऱ्या झाल्या?

आणि या चौघींच्या यशामागे काय आहे? आई-वडील, एखादा झपाटलेला प्रशिक्षक आणि त्यांची स्वतःची जिद्द. स्मृतीचे वडील आणि भाऊ स्वतः क्रिकेट खेळलेले होते. अदितीच्या शिक्षक वडिलांनी तिच्या खेळासाठी घरची घडी बदलली. म्हणजे ज्या मुलीच्या घरी असं माणूस आहे, ती पुढे गेली. जिच्या घरी नाही, तिचं काय? तिच्यासाठीच तर कॉलेज असतं. घर जे देऊ शकत नाही, ते संस्थेने द्यायचं, यासाठीच कर्मवीरांनी आणि त्यांच्या आधी सावित्रीबाईंनी या मातीत शाळा काढल्या. चार मुली पुढे गेल्या हा व्यवस्थेचा दाखला होत नाही. त्या व्यवस्था नसताना पुढे गेल्या.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांना पाठवायला गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट आपण प्रत्येक क्रीडादिनाला ऐकतो आणि डोळे भरून येतात. मला एवढंच विचारायचं आहे की प्राचार्य महोदय, घर राहू द्या, मुलींसाठी तुम्ही संध्याकाळचे दोन तास गहाण ठेवाल का?

तीन सबबी

पहिली सबब : ‘मुली येतच नाहीत हो.’ शाळेत संडास नसेल तर मुली गळतात. तेव्हा ‘मुलींना शिक्षणाची आवड नाही’ असं आपण म्हणत नाही, संडास बांधा म्हणतो. मग मैदानाशेजारी कपडे बदलायला खोली नाही, पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला आडोसा नाही, पाण्याचा नळ नाही, आणि मैदानाच्या कठड्यावर बसून टिंगल करणाऱ्या टोळक्याला उठवायला शिपाई नाही. तिथे मुलीने कशाच्या भरवशावर यायचं? आणखी एक गोष्ट आहे, एस.टी.ची. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण जत, आटपाडी, खटाव, माणच्या वाड्या-वस्त्यांवर जाणारी शेवटची गाडी सरावाआधीच सुटत असेल, तर अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? मुलगी येत नाही, असं नाही. ती आली तर तिला परत जाता येत नाही.

दुसरी सबब : ‘जबाबदारी कोण घेणार? काही झालं म्हणजे?’ ही सबब सर्वांत सभ्य दिसते आणि सर्वांत घातक आहे. मुलींना धोका आहे म्हणून मुलींना कोंडा, हे शास्त्र आपल्याला नवं नाही. धोका खरा आहे, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? जानेवारी २०२३ मध्ये देशाला पदकं आणून देणाऱ्या कुस्तीगीर मुली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षावर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. २८ मे २०२३ रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून ओढत नेलं. ते चित्र पाहून आपल्या भागातल्या किती बापांनी ‘बघ, म्हणून नको म्हणतोय’ असं म्हटलं असेल!

पण जबाबदारी कोण घेणार याचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. विशाखा निकाल १९९७ साली आला. त्यातून पुढे आलेल्या २०१३च्या कायद्याने ‘कामाचं ठिकाण’ ठरवताना क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा ही नावानिशी घेतली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनी कॉलेजच्या आवाराची व्याख्या कुंपणापर्यंत ठेवली नाही. जाण्या-येण्याचा प्रवास, शिबिरं आणि क्रीडास्पर्धाही तिच्यात येतात. अंतर्गत तक्रार समिती प्रत्येक कॉलेजात असलीच पाहिजे आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही हवेत. म्हणजे संघ परगावी मुक्कामाला गेला, तरी जबाबदारी कॉलेजचीच. ती टाळण्यासाठी मुलींचा संघच न पाठवणं ही काळजी नव्हे, हा पळपुटेपणा आहे.

तिसरी सबब : ‘पैसा नाही.’ मुलांसाठी आहे. मग आहे तो वाटून घेऊ या. भारतीय क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंना एका सामन्याचं मानधन सारखं केलं. एवढ्या बाजारू खेळातही हे करता आलं. तालुक्याच्या कॉलेजात प्रवास भत्ता, केळी, अंडी आणि शेंगदाणे-गूळ सारखे वाटायला कसली अडचण? महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २०२१ या काळातली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. या मुलींकडून ढाल हवी असेल तर त्यांच्या ताटात आधी काहीतरी पडू द्या.

आता थोडं आपल्याविषयी

एवढं सगळं दुसऱ्यांना सुनावल्यावर आपल्याकडे वळायला हवं. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, बारा-तेरा वर्षं गावांतून काम केलं. हुंडा, मारहाण, दारू, पाणी, बचतगट या सगळ्यांवर शिबिरं घेतली. किशोरींच्या शिबिरांत शरीराची ओळख, पाळी, हिमोग्लोबिन हे सगळं शिकवलं. पण एकाही शिबिरात मुलींना विचारलं नाही की तुम्ही शेवटच्या धावलात कधी? आपल्या संघटनांच्या ठरावांत मैदानाचा मुद्दा किती वेळा आला? आपणही मनातून खेळाला रिकामपणाचा उद्योग समजत आलो.

काही मैत्रिणी म्हणतात की जिंकणं-हरणं, ढाली आणि गदा हा सगळा पुरुषी मामला आहे, आपण त्यात कशाला पडायचं? यावर माझं म्हणणं असं, की मैदान नाकारायचं की नाही हे मैदान मिळाल्यावर ठरवू. जे कधी हातात आलंच नाही, त्याचा त्याग करण्यात मोठेपणा नाही.

काही म्हणतात, एवढे जीवनमरणाचे प्रश्न असताना खेळ? पण आपण आजवर मागितलं काय? बाईचा तिच्या शरीरावर हक्क. तिच्या वेळेवर हक्क. घराबाहेरच्या जागेवर हक्क. या तीनही गोष्टी एकत्र कुठे येतात? मैदानावर. तिथे मुलगी मोठ्याने ओरडते, पडते, गुडघा फोडून घेते, उठते. दुसरीला धक्का देते आणि तिच्याच गळ्यात पडते. तिच्या शरीराचं मोल तिथे कुणी रंगावरून करत नाही. आणि जोवर हंगाम चालू आहे, तोवर घरी सांगायला तिच्याकडे एक कारण असतं : ‘आत्ता नको, संघात आहे मी.’ महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, हेही त्याच पाहणीत आलं आहे. अशा राज्यात हे कारण लहान नाही. त्या पायऱ्यांवर बसलेल्या संघातल्या दोघींची लग्नं ठरली होती. पुढचा हंगाम असता तर त्या थांबल्या असत्या का, मला माहीत नाही. पण थांबा म्हणायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं, हे मला माहीत आहे.

आपल्यातल्याच बायकांनी वाट दाखवलेली आहे. म्हसवडला १९९७ साली बायकांनी माणदेशी बँक उभी केली. त्याच परिवाराने पुढे दुष्काळी माणमधल्या मुला-मुलींसाठी खेळाचं काम सुरू केलं. बँक काढणाऱ्या बायकांना खेळ आपला विषय वाटला. आपल्याला का वाटू नये?

जूनमध्ये काय करायचं?

सत्कार खूप झाले. कॉलेजं उघडली की आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात चौघी-पाचजणींनी मिळून जायचं. खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या आयांना बरोबर घ्यायचं. प्राचार्यांना लेखी पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. मागण्या या :

१. मैदानाच्या वेळापत्रकात मुलींचा रकाना. वर्षभर, आठवड्यातून किमान तीन संध्याकाळी, पूर्ण मैदान. वेळापत्रक फळ्यावर लागलं पाहिजे.

२. जिमखाना फीचा हिशोब. किती जमली, मुलांच्या संघांवर किती, मुलींच्या संघांवर किती. अनुदानित कॉलेजाने तोंडी टाळाटाळ केली तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. साधा अर्ज करायचा.

३. मैदानालगत कपडे बदलायची खोली, संडास, पाणी आणि वापरलेले पॅड टाकायची सोय.

४. सराव संपण्याची वेळ आणि एस.टी.ची वेळ यांचा मेळ. त्यासाठी आगार व्यवस्थापकांना कॉलेजचं पत्र, आणि गरज पडली तर आपला मोर्चा.

५. संघाबरोबर प्रवासात महिला प्रशिक्षक किंवा प्राध्यापिका. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर जिमखान्याच्या दारावर.

६. खुराक आणि प्रवास भत्ता मुलांइतकाच. बूट आणि जर्सी नव्या, मुलींच्या मापाच्या.

यातली एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी मुंबईला जावं लागेल. सगळ्या प्राचार्यांच्या टेबलावर सुटतात. म्हणूनच त्या सोडवून घेणं अवघड जाईल, कारण तिथे दोष द्यायला सरकार सापडत नाही. समोर ओळखीचीच माणसं असतात. कुणी आपल्या नात्यातलं असतं, कुणी आपल्याच कार्यक्रमाला हॉल दिलेला असतो. ती भीड आपल्याला मोडावी लागेल.

आणि पुढच्या वेळी विजेत्या मुलींच्या सत्काराचं निमंत्रण आलं, तर माझ्यासारखं गप्प खुर्चीवर बसू नका. हाती माईक आला की पहिला प्रश्न एवढाच विचारा : या मुलींचा उद्याचा सराव किती वाजता आहे, आणि कुठल्या मैदानावर? उत्तर मिळालं तर शाल घ्या. नाही मिळालं तर शाल टेबलावर ठेवा, आणि कॅप्टनला आपली खुर्ची द्या.